चौथ्या बाजूचा हंस

अप्पा,

नातसुनेनं विचारलं, वर 'तीर्थरूप' लिहू का? मी म्हटलं, नको. तीर्थरूप म्हटलं की मागोमाग साष्टांग नमस्कार घालावा लागतो, आणि माझे गुडघे आता वाकत नाहीत. मन तर त्याच्या कितीतरी आधीपासून वाकत नाही. नुसतं 'अप्पा' लिही आणि पुढं मी सांगते तसं लिहीत जा, तुझं पुण्याचं त्यात मिसळू नकोस. ती 'हो आजी' म्हणते आणि मिसळतेच. मी एक सांगते, ती थांबते, ओठ चावते, आणि मग तिच्या वळणानं लिहिते. मला कळत नाही असं तिला वाटतं. पण मी किती बोलले आणि पेन किती वेळ चाललं, एवढं मला कळतं की. तेव्हा यातलं माझं किती आणि तिचं किती, ते तुम्हीच ओळखा. तुम्हाला तरी कुठं वाचता येत होतं म्हणा. बापाला अक्षर नाही, लेकीला अक्षर नाही, आणि दोघांच्या मधे पत्र. असला आपला कारभार.

सांगायचं आहे ते खांबाचं. तळ्याकाठच्या जुन्या देवळात, मंडपात शिरल्यावर डाव्या हाताला तुमचा खांब आहे, त्याच्या चौथ्या बाजूचा हंस. तुम्ही अर्धवट सोडलात तो. देवळाची आता डागडुजी चालली आहे, आणि तो हंस पुरा करायचा की तसाच ठेवायचा हे विचारायला त्यांनी गेल्या महिन्यात मला बोलावलं. मला, अप्पा. जन्मात कुणी कशाला विचारलं नाही, आणि ऐंशीच्या घरात आल्यावर एकदम देवळाचं विचारलं. मी घरातून निघतानाच ठरवून निघाले होते. सांगायचं, पुरा करा. डोळे मिटायच्या आधी मला तो हंस चोचीसकट, पंखांसकट बघायचा होता. तुम्ही सोडून दिलेली एक तरी गोष्ट कुणीतरी पुरी केलेली बघायची होती.

आपण बेळगावकडून इथं आलो तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. पावसात मंडपाचा एक कोपरा खचला होता, एक खांब मधोमध तडकला होता, म्हणून मेस्त्रींनी तुम्हाला गावाहून बोलावून आणलं. तळ्याच्या बांधाखाली पत्र्याची झोपडी, पुढं तीन दगडांची चूल. आई भाकरी थापते आहे आणि कामावरची इथली माणसं तिची थट्टा करताहेत, "अक्का, एवढं थापत बसायचं कशाला, नाचणीच्या उकडीचा गोळा, आमचा मुद्दा, वळा की, स्वल्प वेळ वाचेल." आई म्हणते, "तुमचा मुद्दा गिळायचा, आमची भाकरी चावायची. दात आहेत तोवर चावू द्या." त्या बांधावर आता काचेच्या इमारती आहेत. नातवाचं घर एचएसआर लेआउटमध्ये, वरच्या मजल्यावर. त्याच्या गॅलरीतून तळ्याचा एक तुकडा दिसतो. मी त्याला सांगते, तिथं मी तुझ्या पणजोबांच्या छिन्न्या धूत होते. तो म्हणतो, "आजी, आता त्या पाण्यात हात घातलास तर छिन्नी राहील, हात राहणार नाही."

दगडाचं सगळं तुम्ही मला सांगायचा. हे मात्र खरं आहे, आणि खरं आहे म्हणून तर जास्त झोंबतं. देऊळ म्हणजे उताणा झोपलेला माणूस, असं तुम्ही सांगितलंत. गाभारा त्याचं डोकं, मंडप पोट, आणि दारावरचं गोपुर म्हणजे त्याची उभी पावलं. मी विचारलं, "मग आपण त्याच्या पोटात बसून जेवतो?" तुम्ही हसलात. तुमचं हसू मोजकंच, म्हणून लक्षात आहे. खांबालाही तुम्ही माणसासारखंच बोलायचा. ही त्याची बैठक, हे चौकोनी अंग, ही कंबर, हा गळा, आणि हे वर तुळई पेलायला पसरलेले हात. जुना तडकलेला खांब बाजूला काढून ठेवला होता. तो ज्यानं घडवला त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं, त्याची हाडंही कधीच मातीत गेली असणार. तुम्ही त्याच्या कोरलेल्या रेषेत बोट फिरवलंत आणि म्हणालात, "हा डावखुरा होता बघ." मी तिथं बोट फिरवलं. मलाही ते कळलं. खाच एका अंगानं जास्त उतरती होती. मी तसं म्हटलं, तर तुम्ही माझ्याकडं जरा वेळ बघत राहिलात आणि मग म्हणालात, "जा, पाणी आण."

पाणी आणणं, कपच्या झाडणं आणि बोथट झालेल्या छिन्न्या लोहाराकडं नेणं, हे माझं काम. इथला दगड आपल्याकडच्यासारखा नाही, करडा आणि हट्टी. छिन्नीची धार बघता बघता खातो. ठोका कोरडा वाजायला लागला की मी तुमच्या हाकेच्या आधीच नवी छिन्नी घेऊन उभी. मेस्त्री म्हणायचे, "तुझ्या पोरीचे कान आहेत का काय आहे!" तुम्हाला ते आवडायचं. मला दिसायचं आवडलेलं.

आणि मग तो दिवस. तुम्ही हात धुवायला गेला होता, छिन्नी आणि हातोडी तिथंच पडलेली. मी टाकाऊ दगडाचा एक तुकडा पुढं ओढला आणि ठोका घातला. दुसरा घातला. एक वळण मला जमत आलं होतं, खोटं कशाला सांगू. तुम्ही मागं येऊन उभे होता ते कळलंच नाही. तुम्ही ओरडला नाहीत. माझ्या हातून छिन्नी काढून घेतलीत, घागरीतलं पाणी ओतून ती धुतलीत, धोतराला पुसलीत आणि पुन्हा कामाला बसलात. मीच भरून आणलेल्या पाण्यानं धुतलीत, अप्पा. मारलं असतं तर मी विसरून गेले असते. त्या काळात मार खाल्लेला कोण लक्षात ठेवतं? पण छिन्न्या वाहून न्यायला चालणाऱ्या त्याच हातानं ठोका घातला म्हणून लोखंड धुतलंत, ते कसं विसरू? नातसून इथं थांबून विचारते, "आजी, ते विटाळ वगैरे मानायचे का?" मी म्हटलं, मला कुणी कारण सांगितलं नाही. पाण्याचा आवाज तेवढा ऐकला.

आता तिला सगळं समजावं म्हणून आपल्या लोकांची ती चालही सांगावी लागली. तुम्हाला काय सांगायची, तुमच्याकडूनच आली. देवाचं काम करणाऱ्यानं एक जागा सोडायची. एखादं फूल, एखादं बोट, कुठल्यातरी कोपऱ्यातला एखादा हत्ती. पुरं करायचं नाही. पुरा फक्त देव, आणि माणसाचं काम पुरं झालं की त्याला दृष्ट लागते, करणाऱ्यालाही आणि करवणाऱ्यालाही. नवा खांब तेव्हा लाकडाच्या ओंडक्यांवर आडवा होता. खालच्या चौकोनी अंगाच्या चार बाजूंवर चार आकार उठवून झाले होते. एका बाजूला फणस खाणारं माकड, दुसरीवर मृदंगवाला, तिसरीवर एकमेकांत गुंतलेले दोन नाग, चौथीवर मान वळवून मागं बघणारा हंस. चारही अजून ओबडधोबडच. पण हंसाची मान, अप्पा! बाकी सगळा दगडच होता, मान तेवढी आधीच जिवंत झाली होती.

तुम्ही मला हाक मारलीत. खांबाभोवती फिरवलंत, वाकून खालची बाजूसुद्धा बघायला लावलीत, आणि म्हणालात, "चारांतलं एक दाखव." मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. छिन्नी धुतल्यानंतर तर तुम्ही माझ्याशी दगडाचं बोलणंच कमी केलं होतं. मला वाटलं, राग गेला. मला वाटलं, सगळ्यात चांगलं कुठलं ते विचारताय. मी क्षणभरही थांबले नाही, हंसाच्या मानेवर हात ठेवला. तुम्ही म्हणालात, "सरी." 'बरं'साठी हा कानडी शब्द तेव्हा तुमच्या तोंडात नवा नवा बसत होता. मी नाचत चुलीपाशी गेले.

मग माकडाच्या बोटांना नखं आली, फणसाला काटे आले, मृदंगवाल्याच्या पोटावर घडी पडली, नागांना खवले आले. हंसाला काही नाही. मी मनाशी म्हणते आहे, सगळ्यात चांगला म्हणून सगळ्यात शेवटी करणार. खांब उभा करायचा दिवस आला. दोर, पहारी, हैस हैस, नारळ फुटला, खांब तुळईखाली जाऊन बसला, आणि हंस तसाच. चोचीच्या जागी गाठ, पंखांच्या जागी सपाट दगड. मी तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, "तूच दाखवलास की." एवढंच. एखाद्या पोरीला कळलं नसेल, तिला सांगावं, दुसरं काही सोडावं, एखादं माकड सोडावं, हे तुमच्या मनात आलं नाही.

त्याच संध्याकाळी जेवताना आईनं विषय काढला. खांब उभा राहिला म्हणून मेस्त्री आणि कामावरची दोघं-तिघं आपल्याकडंच जेवायला होती. आई म्हणाली, "शाळेतले मास्तर येऊन गेले. दोघा पोरांची नावं घातली आहेत, त्यांच्याबरोबर हिचंही घालू या का? हिला डोकं आहे." तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात, आमटीत बुडवलात आणि म्हणालात, "एक जागा सोडायची असते." मेस्त्रींना असा ठसका लागला हसून! त्यांनी ते कानडीत करून बाकीच्यांना सांगितलं, मग तेही हसले. आईसुद्धा हसली, तोंडाला पदर लावून. सगळे हसले म्हणून मीही हसले. ते माझं हसणं मला अजून ऐकू येतं. तुम्हाला काय सांगू, तुमचा विनोद फार चांगला होता. इतका चांगला, की त्यानंतर त्यावर कुणी काही बोलूच शकलं नाही. शाळेचा विषय तिथंच संपला.

तुम्ही म्हणाल, अक्षर नाही म्हणून तुझं काय अडलं? लग्न झालं, बनशंकरीत घर झालं, मुलं झाली, नातवंडं झाली. काही अडलं नाही हो. बसवर काय लिहिलं आहे ते मी आयुष्यभर लोकांना विचारलं, आणि लोक चांगले असतात, सांगतात. अर्धे चुकीचं सांगतात. औषधाच्या पाकिटांना मी दोरे बांधले, सकाळचा लाल, रात्रीचा काळा. मुलाचं प्रगतिपुस्तक आलं तेव्हा मी ते हातात धरून मान डोलावत होते, आणि त्यानं हळूच माझ्या हातातलं ते सुलटं केलं. केवढासा होता तो! हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

तुमच्या शेवटच्या वर्षांत तुम्ही माझ्याकडंच होता. दगडाची धूळ छातीत बसली होती, दोन वाक्यं बोललात की धाप लागायची. ज्या दोघा भावांची नावं शाळेत घातली त्यांतला एकही छिन्नीला शिवला नाही; थोरला कचेरीत, धाकटा कारखान्याच्या हिशेबखात्यात, दोघंही लांब. एकदा थोरल्याचं पत्र आलं. दुपारची वेळ, घरात आपण दोघंच. तुम्ही ते उजेडात धरलंत, तिरकं केलंत, ओळीखालून बोट फिरवलंत. देवळातल्या दगडांवर देणगी देणाऱ्यांची नावं तुम्ही कुणी खडूनं लिहून दिलेल्यावरून कोरायचा, मुळीच न वाचता, आणि लोक म्हणायचे, असं अक्षर कुणाचं नाही. त्याच नजरेनं तुम्ही पोराचं पत्र बघत होता. म्हणालात, "हात चांगला आहे त्याचा. ओळ कुठं झुकत नाही." मी तांदूळ निवडत होते. मी म्हटलं, "मग वाचा की." शेजारची पोर शाळेतून येईपर्यंत आपण ते पत्र मधे ठेवून बसलो होतो, एखादं आजारी माणूस निजलेलं असावं तसे. ती आली, दप्तर पाठीवरच, उभ्या उभ्या तिनं वाचून दाखवलं. दिवाळीला येणं जमत नाही, तब्येतीची काळजी घ्या. बस्स, एवढंच होतं. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "हुशार आहे गं पोर." माझ्यासमोर म्हणालात, अप्पा. ताटातले खडे मी त्या दिवशी नीट वेचले नाहीत, आठवतं का? जेवताना तुमच्या दाताखाली आला होता एक.

असो. गेल्या महिन्याचं सांगते. नातसुनेनं ऑफिसातून अर्धा दिवस काढला, पण टॅक्सीत बसल्यावरही तिच्या कानात ते ऑफिस बोलतच होतं. बेळ्ळंदूरच्या गर्दीत आम्ही अडकलो, आणि ती कुणाला तरी हिंदीत समजावत होती की आजचं काम आज होणार नाही. मी मनात म्हटलं, बघा, हिचं न झालेलं काम ती फोनवर सांगू तरी शकते. देवळाभोवती हिरवी जाळी, बांबूंची परांची, पण मंडपात तोच गारवा. डागडुजीवर एक आर्किटेक्ट मुलगी आहे, माझ्या धाकट्या नातीच्या वयाची, डोक्यावर पिवळं हेल्मेट, पँटला दगडाची धूळ. तिनं धावत जाऊन खुर्ची आणली, "अज्जी, कूतकोळ्ळी," म्हणाली, बसा म्हणून, आणि स्वतः माझ्यापुढं जमिनीवरच बसली. शेजारी समितीचे अध्यक्ष, पांढरा शर्ट, कपाळाला मोठं गंध. पुजाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं की खांब करणाऱ्याची मुलगी अजून आहे, दर कार्तिकात दिवा लावायला येते.

अध्यक्ष म्हणाले, "अज्जी, काम सोपं आहे. माणूस आहे, मशीन आहे, दोन दिवसांत हंस तयार. आता कसं दिसतं बघा. पोरं विचारतात, हा बटाटा कशाला काढला आहे?"

मी म्हटलं, "बटाट्याला मान असते होय?"

मुलगी हसली. म्हणाली, "अज्जी, मला एवढंच कळत नाही. बाकीच्या तीन बाजू इतक्या सुरेख आणि हीच अशी. मला वाटतं हे मुद्दाम ठेवलं आहे. हे म्हणतात राहून गेलं. तुमचे वडील तेव्हा आजारी पडले होते का?"

"ते? आजारी पडायला सवड लागते."

हो म्हटलं असतं, अप्पा, तर तिथल्या तिथं काम झालं असतं. आजारी होते, राहून गेलं, करून टाका पुरं. मला तेच हवं होतं. पण 'राहून गेलं' म्हटलं की तुम्ही सुटलात. बिचारा माणूस, मनात होतं, झालं नाही. तुम्हाला एवढ्या स्वस्तात का सोडू? राहून काही गेलं नव्हतं. तुम्ही सोडलं होतं, आणि सोडताना मला बोट दाखवायला लावलं होतं. म्हणून मी खरं सांगितलं. चाल सांगितली, ओंडक्यांवरचा खांब सांगितला, मी हंसावर हात ठेवला ते सांगितलं, तुमचा जेवतानाचा विनोदसुद्धा सांगितला, कानडीतच. या वेळी कुणी हसलं नाही. मुलीचे डोळे भरून आले होते. नातसुनेनं कानातलं काढून हातात धरलं होतं, आणि तिच्या मुठीत ऑफिस बारीक आवाजात बोलत होतं.

मी म्हटलं, "म्हणून म्हणते, आता पुरा करा."

आणि अध्यक्षांनी दोन्ही गालांवर हात मारून घेतले. "अय्यो, छे छे! असं आहे होय? मग नको. दृष्टीसाठी ठेवलेलं आपण कशाला हलवायचं?" त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आहे म्हणे. मघाशी मशीन मशीन करणारा माणूस खांबापासून दोन पावलं मागं सरकला.

मी मुलीकडं बघितलं. ती म्हणाली, "अज्जी, हे तर फारच मोठं आहे. हे आपण जपायलाच हवं. तुमच्या वडिलांची ती इच्छा होती."

"त्यांची इच्छा मला सांगू नकोस, बाळ. मी तिच्यातच वाढले. माझी इच्छा विचारायला बोलावलं ना तुम्ही?"

तिला वाईट वाटलं. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "नाही अज्जी. माहिती विचारायला बोलावलं."

खोटं बोलले असते तर जिंकले असते. तुम्हाला उघडं पाडायला गेले, आणि तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी पुन्हा तुमचंच चाललं. तुमचा शब्द दगडातला आणि माझा तोंडातला. मी सांगितलेलं त्यांनी फोनमध्ये भरून घेतलं, मग कागदावर छापून आणलं, आणि मुलीनं पेन पुढं केलं. मी अंगठा पुढं केला. बिचारी एवढी ओशाळली! धावाधाव करून कचेरीतून निळं पॅड आणलं. मी म्हटलं, "अगं, लाजतेस कशाला, अंगठा धुतलेला आहे." तिला त्यातलं काही कळलं नसणार.

परवा तिथं बोर्ड लागला. तो दाखवायला नातसून मला पुन्हा घेऊन गेली. कानडीत आणि इंग्लिशमध्ये आहे. तिनं मराठीत करून सांगितलं, शिल्पकारानं परंपरेप्रमाणे हेतुपुरस्सर अपूर्ण ठेवलेली आकृती. आणि खाली, शिल्पकाराच्या कन्येनं दिलेल्या माहितीवरून.

"नाव आहे का?"

"नाही आजी."

"माझं, की त्यांचं?"

"दोघांचंही नाही."

मी तुमचं नाव सांगितलं होतं, अप्पा. गावाच्या नावासकट. ते कुठं गळलं कुणास ठाऊक. आता लोक येतात, बोर्ड वाचतात आणि हंसाचाच फोटो काढतात. माकडाकडं कुणी ढुंकून बघत नाही. त्या फणसाच्या एकेका काट्यासाठी तुम्ही किती छिन्न्या बोथट केल्यात ते मला माहीत आहे, मीच त्या लोहाराकडं वाहून नेल्या. एक जोडपं आलं होतं, त्यातली मुलगी म्हणाली, अर्धवट आहे म्हणून किती सुंदर वाटतं ना. मी खांबाला टेकून उभी होते. मनात म्हटलं, सुंदर बघणाऱ्याला वाटतं. हंसाला कुणी विचारलं आहे?

परत येताना नातसुनेनं कानातलं काढून पर्समध्ये टाकलं. मग म्हणाली, "आजी, मला एक वाटतं. तुम्ही सगळ्यात चांगला म्हणून हंस दाखवलात, आणि त्यांनी तोच सोडला. म्हणजे जे सगळ्यात आवडतं तेच ते सोडत असतील. मग तुम्हीच त्यांच्या सगळ्यात लाडक्या होता." किती गोड पोर आहे! मी म्हटलं, असलं गोड माझ्या पानात वाढू नकोस, मला शुगर आहे. लाडकी होते तर विचारायचं होतं. लाडकी होते म्हणून सोडली असेल, तर दोडकी असते तर निदान शाळेत तरी गेले असते. हे ती लिहिते आहे आणि नाक पुसते आहे. पुसू दे.

माझ्या अंगठ्याची ती निळी शाई तिनं बघितली होती तेव्हापासून तिच्या डोक्यात काहीतरी चाललं होतं. इथं दहा मिनिटांत घरी दूध-भाजी आणून देणारे असतात, त्यांच्याकडं मराठी अंकलिपी मिळाली नाही, म्हणून तिनं पुण्याहून आईकडून मागवली. काल आली. माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आजी, रोज एक अक्षर. जास्त नाही." मी म्हटलं, डोळ्यांना झेपत नाही गं.

ते खोटं आहे. डोळे चांगले आहेत. मोतीबिंदू काढल्यापासून समोरच्या इमारतीतल्या बाईच्या साडीचा काठ दिसतो मला. आज सकाळी ती ऑफिसला गेल्यावर मी ते पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर अननसाचं चित्र आहे आणि शेजारी ते अक्षर. बोटानं एकदा गिरवलं. मग पुस्तक मिटून, फरशीवर पाणी सांडून, न बघता काढलं. आलं, अप्पा. एकदाच गिरवलं होतं, आणि आलं. मग मी फरशी पुसली आणि अंकलिपी कपाटात वर ठेवून दिली. उरलेली सगळी जर अशीच येणार असतील, तर मला कळेल की केवढ्याशा गोष्टीसाठी तुम्ही मला अडवलंत. तेवढा राग आता या वयात मला पेलायचा नाही.

नातसुनेचं पेन थांबलं आहे. माझ्याकडं बघते आहे. लिही म्हटलं, हेही लिही, कुठं पाठवायचं आहे आपल्याला.